विश्रांती म्हणजे रजा नव्हे: इंडिगोचा डिसेंबर आणि वैमानिकांची झोप

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमानं उभी करायला जागा उरली नव्हती. बहुतेक पार्किंग बे इंडिगोच्या विमानांनी अडवलेले होते. विमानं धडधाकट होती, प्रवासी बोर्डिंग पास घेऊन गेटवर बसले होते. नव्हते ते कॉकपिटमध्ये बसणारे दोघं. नियमाप्रमाणे ज्यांची विश्रांती पूर्ण झाली आहे असे दोघं. बे रिकामे होईनात, त्यामुळे ज्या कंपन्यांचे वैमानिक वेळेवर हजर होते त्यांची विमानंही खोळंबली.

३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणं रद्द झाली आणि १,८५२ उशिरा गेली. तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले. ४ डिसेंबरला देशातल्या सहा मोठ्या विमानतळांवर या कंपनीची वक्तशीरता ८.५ टक्क्यांवर आली होती. ५ तारखेला दिल्लीहून सुटणारी तिची सगळी देशांतर्गत उड्डाणं मध्यरात्रीपर्यंत रद्द केली गेली. हुबळीतल्या एका स्वागत समारंभात नवरानवरी भुवनेश्वरमध्ये अडकल्यामुळे पडद्यावरून हजर राहिली आणि मंचावर त्यांच्या खुर्च्यांवर आईवडील बसले. ही बातमी बहुतेकांनी पाहिली असेल.

त्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटापासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत एकच वाक्य फिरत होतं: वैमानिकांना जास्त आराम देणारा नवीन नियम आला आणि त्याने घोटाळा केला. हे वाक्य मला पटत नाही. मी काही वर्षं मुंबईत एका विमान कंपनीच्या क्रू कंट्रोलमध्ये, म्हणजे कोणत्या उड्डाणावर कोण जाणार हे सांभाळणाऱ्या विभागात, होते. रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, कसं बनतं, कुठे ताणलं जातं आणि तुटतं तेव्हा आधी कोणाचा फोन वाजतो, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडते.

रात्र किती वाजता संपते

वैमानिकाने किती तास उडावं, किती तास ड्युटीवर असावं आणि मध्ये किती विश्रांती घ्यावी, हे ठरवणाऱ्या नियमांना एफडीटीएल म्हणतात. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए ठरवतं. वर्षाला १,००० तासांहून जास्त उड्डाण करता येत नाही, ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली मर्यादा. बाहेरच्या माणसाला हा आकडा फारच कमी वाटतो: वर्षाला हजार तास म्हणजे दिवसाला तीन तासही नाहीत. पण हे फक्त विमान चालतं तेवढे तास. त्याआधीचं साइन ऑन (ड्युटीवरची हजेरी), ब्रीफिंग, दोन सेक्टरमधला (म्हणजे दोन उड्डाणांमधला) टर्नअराउंड, उशीर झालेल्या विमानाची वाट पाहणं, स्टँडबाय, सिम्युलेटर, दुसऱ्या शहरातून उड्डाण घ्यायला प्रवासी म्हणून जाणं हे या हजारात येत नाही.

शिवाय प्रश्न एकूण तासांपेक्षा ते कोणत्या वेळचे तास आहेत याचा असतो. पहाटे २ ते ६ हा शरीराच्या घड्याळातला सगळ्यात खालचा काळ. माणूस कितीही मुरलेला असो, या वेळात त्याची प्रतिक्रिया मंदावते आणि निर्णय चुकायला लागतो. २२ मे २०१० चा मंगळुरूचा अपघात आपल्याकडचा सगळ्यात कडू धडा आहे. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून येणारं विमान सकाळी सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. तेच वैमानिक आदल्या रात्री मंगळुरूहून दुबईला विमान घेऊन गेले होते आणि लेओव्हर, म्हणजे मुक्काम, न घेता लगेच परत निघाले होते. माजी हवाई दल उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर ऐकला गेला. पहिली सुमारे १ तास ४० मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, घोरण्याचा आवाज येत होता. उतरताना फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, तीनदा 'गो अराउंड' (उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या) म्हटलं, यंत्राने इशारे दिले, तरी उतरणं थांबवलं गेलं नाही. उतरण्याचा चुकीचा ॲप्रोच न सोडणं हे अपघाताचं मुख्य कारण ठरलं. दीर्घ झोपेतून उठल्यावर डोक्यात जी सुस्ती राहते, तीही कारणांमध्ये नोंदली गेली.

बाहेर तेव्हा उजाडलेलं होतं. म्हणून रात्र कधी संपते हे आकाशाकडे बघून ठरवता येत नाही.

जुन्या नियमात रात्र मध्यरात्री १२ ते पहाटे ५ अशी होती. रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंगपर्यंत मुभा होती. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तास होती. ८ जानेवारी २०२४ रोजी डीजीसीएने सुधारित नियम काढले. रात्र ५ ऐवजी ६ ला संपणार, रात्रीला शिवणाऱ्या ड्युटीत जास्तीत जास्त २ लँडिंग, उड्डाण ८ तास आणि ड्युटी १० तास, आणि साप्ताहिक विश्रांती ४८ तास. शिवाय विमान कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या तक्रारींचा आणि त्यावर केलेल्या कारवाईचा अहवाल द्यायचा.

वाचताना यातला एका तासाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण रोस्टर बनवणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारा तोच आहे. सकाळी सहा-सव्वासहाला सुटणाऱ्या विमानाचे वैमानिक पाच ते सहाच्या दरम्यान साइन ऑन करतात. जुन्या व्याख्येत ही दिवसाची ड्युटी होती. त्यामुळे त्यांना मुंबई–नागपूर–मुंबई करून पुन्हा दोन सेक्टर देता येत होते. नव्या व्याख्येत हीच ड्युटी रात्रीला शिवते. देशातल्या प्रत्येक विमानतळावर सकाळची पहिली फळी याच वेळात सुटते आणि स्वस्त तिकिटांचं सगळं गणित त्या पहिल्या फळीवर उभं असतं. सकाळी सहाला उडालेलं विमान रात्री बारापर्यंत फिरत राहिलं तरच ते परवडतं.

जवळजवळ बावीस महिने

या नियमांची पार्श्वभूमी सांगताना नागपूरची घटना टाळता येत नाही, पण ती जपून सांगायला हवी. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर–पुणे उड्डाण घेऊन जाणारे इंडिगोचे ४० वर्षांचे कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि गेले. आदल्या दिवशी त्यांनी पहाटे ३ ते ७ या वेळात त्रिवेंद्रम–पुणे–नागपूर असे दोन सेक्टर केले होते आणि त्यानंतर त्यांना २७ तासांची विश्रांती मिळाली होती. कागदोपत्री सगळं नियमात होतं. मृत्यू हृदयविकाराने झाला. तो रोस्टरमुळे झाला असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. पण त्या पहाटेच्या दोन सेक्टरची वेळ वाचली तेव्हा प्रत्येक वैमानिकाने आपलं रोस्टर उघडून पाहिलं असणार. वैमानिकांच्या संघटना अनेक वर्षं मांडत होत्या तो विषय त्या घटनेनंतर पहिल्या पानावर आला. नोव्हेंबरमध्ये नियमांचा मसुदा आला आणि जानेवारीत अंतिम नियम.

अंमलबजावणीची तारीख होती १ जून २०२४. कंपन्यांनी सांगितलं, इतके वैमानिक नाहीत, उड्डाणं रद्द करावी लागतील, वेळ द्या. २६ मार्च २०२४ ला डीजीसीएने तारीख पुढे ढकलली आणि नवी तारीख दिलीच नाही. त्याच्या चारच दिवस आधी डीजीसीएने एअर इंडियाला ८० लाखांचा दंड केला होता. साप्ताहिक विश्रांती पुरेशी न देणं, अतिलांब उड्डाणांच्या आधी आणि नंतर पुरेशी विश्रांती न देणं आणि लेओव्हरवर पुरेशी विश्रांती न देणं ही त्याची कारणं होती. जुने सैल नियमही पाळले जात नव्हते हे स्वतः लिहून दिल्यावर त्याच आठवड्यात नवे नियम लांबणीवर टाकले गेले. हे मला आजही उलगडत नाही.

आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात, एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला, विस्तारा कोलमडली. एअर इंडियात विलीन होताना आलेल्या नव्या करारात हमीच्या पगाराचे तास ७० वरून ४० वर येणार होते. वैमानिक नाराज होते, अनेकजण आजारपणाची रजा टाकत होते. कंपनीला रोज २५ ते ३० उड्डाणं कमी करावी लागली. रोस्टर फार ताणलेलं होतं, हे कंपनीच्या प्रमुखांनी कबूल केलं. त्याच चुकीची दीड वर्ष आधी झालेली ही लहान आवृत्ती होती आणि ती सगळ्या कंपन्यांनी जवळून पाहिली होती.

इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढत होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये डीजीसीएने न्यायालयाला वेळापत्रक दिलं: २२ पैकी १५ तरतुदी १ जुलै २०२५ पासून आणि उरलेल्या १ नोव्हेंबर २०२५ पासून. एप्रिलमध्ये प्रकरण निकाली निघालं. ४८ तासांची साप्ताहिक विश्रांती जुलैत लागू झाली आणि रात्रीच्या ड्युटीच्या तरतुदी नोव्हेंबरमध्ये.

८ जानेवारी २०२४ ते १ नोव्हेंबर २०२५. फर्स्ट ऑफिसर घ्यायचा, त्याला टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) द्यायचं, सिम्युलेटर आणि लाइन ट्रेनिंग पूर्ण करायचं, अनुभवी फर्स्ट ऑफिसरला कमांडर, म्हणजे कॅप्टन, करायचं, हे सगळं वेळखाऊ असतं हे खरं. पण जवळजवळ बावीस महिन्यांत ते होतं.

रोस्टरमध्ये काय राखून ठेवलं जातं

या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

रोस्टर बनवताना सेक्टर जोडून पेअरिंग केली जातात. बेसवरून, म्हणजे वैमानिकाच्या नेमणुकीच्या शहरातून, निघून बेसवर परतणारी ती माळ. त्यात कधी एक, कधी दोन-तीन लेओव्हर येतात. मग ही पेअरिंग माणसांना वाटली जातात. शेवटी काही माणसं मुद्दाम मोकळी ठेवावी लागतात: स्टँडबाय आणि राखीव. कोणाला ताप येतो, दिल्लीत धुकं पडतं, कोलकात्यात विमान दोन तास अडकतं आणि त्या वैमानिकाची ड्युटी मर्यादेबाहेर जाते. त्या वेळी राखीव माणूस विमानात बसतो.

हिशेब तपासणाऱ्याला हा राखीव माणूस घरी बसून पगार घेणारा दिसतो. सॉफ्टवेअरला सांगितलं की कमीत कमी माणसांत वेळापत्रक बसवून दे, तर ते बसवून देतं. दर महिन्याला एखादा टक्का राखीव कमी होतो आणि काहीच बिघडत नाही, कारण बिघाड भरून काढायला अजून एक जागा शिल्लक असते. ती जागा म्हणजे कामावर असलेल्या वैमानिकाची झोप. त्याला आणखी एक सेक्टर जोडता येतो. सुट्टीचा दिवस सरकवता येतो. लेओव्हर किमान मर्यादेपर्यंत आणता येतो. हे सगळं नियमात बसतं.

लेओव्हरबद्दल लोकांची कल्पना अशी की वैमानिक पंचतारांकित हॉटेलात राहतो, शहर फिरतो. देशांतर्गत रोस्टरमध्ये तो बहुतेक वेळा किमान विश्रांतीचा असतो. रात्री साडेअकराला चॉक्स ऑन, म्हणजे विमान जागेवर थांबतं, मग कागदपत्रं, क्रूची गाडी, हॉटेल, चेक-इन. खोलीत पोचेपर्यंत एक वाजतो. सकाळी हॉटेलच्या मार्गिकेत व्हॅक्यूम क्लीनर सुरू होतो, शेजारच्या खोलीत लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं असतं. दुपारी साइन ऑन. कागदावर बारा तास, प्रत्यक्षात तुकड्या-तुकड्यांनी पाच. आणि आपल्या नियमांत एक वाक्य आहे जे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं: विमानतळावर जाण्यायेण्याचा वेळ ना ड्युटीत धरायचा, ना विश्रांतीत. कंपनीने त्याचा विचार करावा आणि किमान विश्रांती घटू देऊ नये, एवढीच अपेक्षा. वसईहून किंवा खारघरहून सांताक्रूझला येणाऱ्या माणसाचे पावसाळ्यातले दोन-अडीच तास त्यामुळे कोणाच्याच हिशेबात नसतात. ते त्याच्या शरीरात मात्र जमा होत राहतात.

माझ्या नोकरीतली एक रात्र सांगते. जुलै होता, पाऊस होता, दोन विमानं वळवलेली होती. पहाटे अडीचला मी स्टँडबायवरच्या एका फर्स्ट ऑफिसरला फोन केला. मराठी मुलगा, नवी मुंबईत राहणारा. तो म्हणाला, "मॅडम, विश्रांती झालीय माझी, नियमात आहे मी. पण डोळा लागलेला नाही हो. बाळ आजारी आहे." मी म्हटलं, "सर, दुसरं कोणी नाहीये." हे खरंच होतं. तो दहा सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, "गाडी पाठवा."

त्याने नकार दिला असता तर तो नियमाने बरोबर ठरला असता. थकलेल्या वैमानिकाने उडू नये, हे नियमच सांगतो. पण पुढच्या महिन्यात रोस्टर कोण बनवणार, कमांडच्या मुलाखतीत फाइल कोण उघडणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. उद्या दुसरीकडे जावं म्हटलं तरी सहज जाता येत नाही. २०१७ पासून कमांडरला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. इतका दीर्घ नोटीस काळ मी इतर कोणत्या नोकरीत पाहिलेला नाही.

इंडिगोकडे परत येते. नियमाची तारीख ठरलेली होती. तरीही २०२५ च्या हिवाळी वेळापत्रकात कंपनीने आधीच्या हिवाळ्यापेक्षा ९.६६ टक्के जास्त उड्डाणं घेतली, आठवड्याला १५,०१४. डीजीसीएने ती मंजूर केली. एका हाताने रात्रीच्या ड्युटीची मर्यादा घट्ट करताना दुसऱ्या हाताने वाढीव वेळापत्रकावर सही करणाऱ्या कार्यालयाने 'यासाठी माणसं दाखवा' असं विचारायला हवं होतं. हा दोष कंपनीइतकाच नियामकाचा आहे. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सचं म्हणणं असं की कंपनीने वर्षानुवर्षं माणसं कमीत कमी ठेवायचं धोरण चालवलं आणि दोन वर्षांची सवलत हातात असताना भरती गोठवली.

नोव्हेंबरमध्येच चिन्हं दिसत होती. त्या महिन्यात कंपनीची १,२३२ उड्डाणं रद्द झाली, त्यातली ७५५ वैमानिकांच्या आणि एफडीटीएलच्या अडचणीमुळे. मग हिवाळी गर्दी, थोडं हवामान, थोडा तांत्रिक बिघाड असं एकत्र आलं आणि एका विमानाचा उशीर पुढच्या पेअरिंगवर, त्याचा त्याच्या पुढच्यावर चढत गेला. माणूस एका शहरात, विमान दुसऱ्या शहरात, आणि क्रू कंट्रोलमध्ये कोण कुठे आहे हे कळेनासं होतं. ही अवस्था मी लहान प्रमाणावर पाहिली आहे. एकदा धागा सुटला की माणसं असूनही उपयोगी पडत नाहीत.

त्याच नियमांखाली बाकीच्या कंपन्यांची विमानं त्या आठवड्यात उडत होती. नियमच दोषी असता तर हे झालं नसतं.

सूट कोणाच्या खात्यातून

५ डिसेंबरला दोन निर्णय झाले. पहिला इंडिगोपुरता: रात्रीच्या ड्युटीच्या नव्या तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. दुसरा सगळ्याच कंपन्यांसाठी: साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही ही सूचना तत्काळ मागे.

पहिल्या निर्णयावर खूप बोललं गेलं, दुसऱ्यावर फार कमी. रजा माणूस आपल्या कामासाठी घेतो: बहिणीचं लग्न, आईची शस्त्रक्रिया, मुलाचा शाळाप्रवेश. विश्रांती शरीरासाठी असते. रजेलाच विश्रांती धरायची मुभा असली की बहिणीच्या लग्नात तीन दिवस जागून परतलेल्या वैमानिकाला रोस्टर सांगतं, तुझे ४८ तास झाले, पहाटे साइन ऑन कर. वैमानिकांच्या संघटनांनी बरंच झगडून मिळवलेली ही एक ओळ होती आणि ती एका दुपारी गेली, ज्या कंपन्यांची विमानं वेळेवर उडत होती त्यांच्या वैमानिकांसाठीसुद्धा.

लोकांचे हाल होत होते आणि सरकारला काहीतरी करणं भाग होतं, हे मी नाकारत नाही. भाड्यावर मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि सर्वांत लांब पल्ल्याला १८,०००. ७ डिसेंबरपर्यंत ६१० कोटींचा परतावा दिला गेला. रेल्वेने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. कंपनीच्या उड्डाणांत १० टक्के कपात केली. या कपातीबद्दलच माझं म्हणणं आहे. हातात आहेत तेवढ्या माणसांत बसतील इतकीच उड्डाणं ठेवायची, हा उपाय ५ तारखेलाही उपलब्ध होता. तो आधी करून सूट टाळता आली असती. आधी सूट दिली गेली आणि कपात नंतर आली.

१७ जानेवारी २०२६ ला चौकशीचा निष्कर्ष आणि दंड जाहीर झाला. उड्डाणांचं अती काटेकोर नियोजन, नियमबदलाची अपुरी तयारी, सॉफ्टवेअरमधल्या उणिवा, व्यवस्थापनातले दोष ही कारणं दिली गेली. एफडीटीएलच्या दुसऱ्या टप्प्याच्या नियोजनात चूक झाली, हे कंपनीने डिसेंबरमध्येच मान्य केलं होतं. दंड २२ कोटी २० लाख. त्यातले १ कोटी ८० लाख एकरकमी. उरलेले २० कोटी ४० लाख कसे आले, ते पाहा: ५ डिसेंबर ते १० फेब्रुवारी, ६८ दिवस, दिवसाला ३० लाख. ज्या दिवसांत सूट होती त्याच दिवसांचा दर लावलेला. शिवाय ५० कोटींची बँक गॅरंटी, जी सुधारणा दिसतील तशी सोडायची. रात्री तिसरं लँडिंग केलेल्या वैमानिकाला या हिशेबात कुठेही जागा नाही.

संघटना न्यायालयात का जातात

वैमानिकांना पगार भरपूर मिळतो, त्यांना कसली युनियन, असं मला अनेकांनी विचारलं आहे. लठ्ठ पगार हे खरं आहे, निदान कमांडरच्या बाबतीत. फर्स्ट ऑफिसर मात्र बहुतेकदा प्रशिक्षणाच्या मोठ्या कर्जाचे हप्ते फेडत असतो आणि त्याचं मिळणं उडालेल्या तासांवर अवलंबून असतं. तो स्वतःच जास्त तास मागतो, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. म्हणून मर्यादा बाहेरून घालावी लागते. ती त्याच्या इच्छेवर सोडता येत नाही आणि कंपनीच्याही नाही.

आपल्याकडे ताकदीच्या संघटना जुन्या सरकारी कंपन्यांतून आल्या. खाजगी कंपन्यांत संघटना उभारणं सोपं राहिलेलं नाही. २००९ मध्ये जेट एअरवेजमध्ये नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना स्थापन झाल्यावर दोन वरिष्ठ वैमानिकांना काढण्यात आलं, तेव्हा सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक एकदम आजारपणाच्या रजेवर गेले आणि पाच दिवस मुंबईपासून सगळीकडे उड्डाणं कोलमडली. रजेचा अर्ज हाच ज्यांचा संप असतो, त्यांच्यापुढे समोरासमोर बोलणी करायला जागा नाही असा त्याचा अर्थ. २०२५ च्या नियमांसाठीही त्यांना उच्च न्यायालयाचीच पायरी चढावी लागली. नियम बनवणाऱ्यांच्या टेबलापर्यंत रोस्टर जगणारा माणूस पोचत नाही, तोवर असंच होत राहणार.

मला विचाराल तर यातून तीन गोष्टी मागाव्यात. वेळापत्रक मंजूर करताना कंपनीने प्रत्येक बेसवर किती कमांडर आणि किती फर्स्ट ऑफिसर राखीव आहेत हे दाखवावं आणि तो आकडा कमी असेल तर तेवढी उड्डाणं कापली जावीत. रजा आणि विश्रांती वेगळी ठेवणारी ती ओळ परत यावी आणि घाईत कोणाला खोडता येणार नाही अशा जागी यावी. आणि थकव्याचे जे तिमाही अहवाल कंपन्या डीजीसीएला देतात, ते बेसनिहाय जाहीर व्हावेत. किती वैमानिकांनी 'मी थकलो आहे' असं लिहून दिलं आणि त्यातल्या किती जणांचं मान्य झालं, हे तिकीट काढणाऱ्यालाही दिसावं. एखाद्या बेसवर तिमाहीत एकही अहवाल नसेल, तर मी आधी त्याच बेसची चौकशी करेन.

त्या जुलैच्या रात्री नवी मुंबईहून आलेल्या मुलाने दोन सेक्टर केले आणि दुपारी तो सुखरूप घरी गेला. थकव्याचा अहवाल त्याने भरला नाही. भरा, असं मीही त्याला म्हटलं नव्हतं.